नकाशावरील सरळ रेघ

भूगोलाच्या परीक्षेंत नकाशा काढावयास सांगितला म्हणजे कोणता देश आला आहे, हें विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवरूनच ओळखतां येतें. ईजिप्त आला असेल तर मुलें खूष असतात. त्या देशाची पश्चिम सीमा फूटपट्टी उभी धरून ओढावी, दक्षिण सीमा तीच पट्टी आडवी करून ओढावी, आणि उरलेला वेळ नाईल नदी निळ्या रंगानें रंगविण्यांत घालवावा. तेंच बंगालचा नकाशा आला कीं पेन्सिलींचीं टोकें मोडूं लागतात. ती सीमा कोठें वळते, कोठें मागें फिरते, कोठें नदीच्या पात्रांत उतरते आणि पुन्हां कोठें भाताच्या शेतांत चढते, ह्याचा सुमारच लागत नाहीं. अशा वेळीं एखादा चौकस मुलगा विचारतो, "सर, सगळ्याच देशांच्या सीमा ईजिप्तसारख्या सरळ कां नाहीं आंखल्या? किती सुरेख दिसल्या असत्या!"

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. गेल्या दोन-अडीच शतकांत ज्या मुत्सद्द्यांनीं पृथ्वीची वांटणी केली, त्यांपैकीं पुष्कळांच्या मनांत हाच विचार होता. सरळ रेघ डोळ्यांस प्रसन्न वाटते. ती शब्दांत सांगावयास सोपी असते. आणि तहनाम्यांत अमुक अक्षांश एवढें लिहिलें कीं जो प्रदेश लिहिणाऱ्यांपैकीं एकानेंहि पाहिलेला नाहीं, त्याचीहि वांटणी होऊन जाते. हा शेवटचा गुण विशेष ध्यानांत घेण्यासारखा आहे. वांकडी सीमा लिहावयाची तर ओढा, टेंकडी, खेडें, पाणंद ह्या सर्वांचीं नांवें ठाऊक असावीं लागतात. सरळ सीमेस कांहींच ठाऊक असावें लागत नाहीं. म्हणून सीमेची आकृति पाहून ती किती दुरून आंखली गेली असावी, ह्याचें अनुमान बहुधा करतां येतें.

ज्यांच्या घरीं शेती आहे त्यांनीं आपल्या बांधाकडे पाहावें. एके ठिकाणीं तो विहिरीस वळसा घालतो, कारण पणजोबांच्या वेळच्या वांटणींत विहीर धाकट्या भावाकडे गेली. दुसऱ्या ठिकाणीं तो आंब्याच्या झाडापाशीं थबकतो, कारण तें झाड सामाईक ठेवलें होतें. तिसऱ्या ठिकाणीं तो विनाकारण वांकलेला दिसतो. तेथें शेजाऱ्यानें दरवर्षीं नांगराच्या एकेका तासानें तो कोरीत आणलेला असतो! मोजणीदार हद्दीचे दगड रोवावयास येतो तेव्हां हीं सारीं वळणें तो कागदावर उतरून घेतो; फूटपट्टी घेऊन तीं सरळ करावयास बसत नाहीं. बसला तर गांवांत काय होईल हें सांगावयास नको.

आतां ज्या ईजिप्तच्या सीमेनें मुलांस आनंद होतो, तिचीच हकीकत पाहूं. १८९९ सालच्या जानेवारींत ब्रिटन आणि ईजिप्त ह्यांनीं एक करार केला, आणि २२ अंश उत्तर अक्षांशाच्या दक्षिणेस सूदान असें ठरविलें. ती रेघ वाळवंटांतून थेट तांबड्या समुद्रापर्यंत जाते. त्या वाळवंटांत उंट व शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या जमाती पाण्याच्या मागें हिंडत असत. त्यांना अक्षांश दिसत नव्हता, विहिरी दिसत होत्या. थोड्याच वर्षांत कारभाऱ्यांच्या ध्यानांत आलें, कीं समुद्राकाठच्या हलाइब प्रदेशांतील बिशारी लोकांचा संबंध रेघेच्या दक्षिणेस असलेल्या लोकांशीं आहे, आणि रेघेच्या दक्षिणेस असलेल्या बीर ताविल नामक भागांत जनावरें चारणाऱ्या अबाब्दा लोकांचा संबंध उत्तरेकडे आहे. म्हणून १९०२ सालीं त्यांनीं कारभारापुरती एक दुसरी, वांकडीतिकडी रेघ काढली. हलाइब सूदानकडे दिला. बीर ताविल ईजिप्तकडे दिला. पहिली रेघ रद्द केली नाहीं. एक रेघ राज्याची, दुसरी कारभाराची, अशी ही व्यवस्था.

दोन्हीकडे सत्ता एकाच इंग्रजाची होती तोंवर ह्यानें कोणाचें अडलें नाहीं. पण १९५६ सालीं सूदान स्वतंत्र झाला आणि दोन्ही रेघा खडबडून जाग्या झाल्या. ईजिप्त म्हणूं लागला कीं खरी सीमा १८९९ ची. सूदान म्हणूं लागला कीं खरी सीमा १९०२ ची. ह्याचें कारण उघड आहे. हलाइबचा प्रदेश सुमारें आठ हजार चौरस मैलांचा असून त्यास समुद्रकिनारा आहे, आणि ज्याची रेघ खरी ठरेल त्यास तो मिळावयाचा. पण ह्या भांडणाचा एक विलक्षण परिणाम झाला. बीर ताविलचा सुमारें आठशें चौरस मैलांचा तुकडा कोणीच आपला म्हणेना! ईजिप्तनें तो आपला म्हटला तर १९०२ ची रेघ मान्य केल्यासारखें होतें. सूदाननें आपला म्हटला तर १८९९ ची मान्य केल्यासारखें होतें. एका बाजूस दोन भाऊ एका शेतासाठीं कोर्टांत उभे आहेत आणि दुसऱ्या बाजूस एक शेत बेवारस पडलें आहे, असा प्रकार पृथ्वीवर क्वचितच पाहावयास मिळेल. १९९० नंतरच्या दशकापासून हलाइबवर प्रत्यक्ष ताबा ईजिप्तचा आहे. बीर ताविल आहे तसाच पडून आहे. फूटपट्टीनें काढलेल्या त्या सुरेख रेघेचा हा इतिहास आहे.

आफ्रिकेविषयीं येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८८४ च्या नोव्हेंबरापासून १८८५ च्या फेब्रुवारीपर्यंत बर्लिन येथें जी परिषद भरली, तींत सगळा आफ्रिका खंड टेबलावर पसरून केकाप्रमाणें कापला, असें पुष्कळ पुस्तकांत वाचावयास मिळतें. वस्तुतः त्या परिषदेंत मुख्यतः व्यापाराचे आणि ताबा घेण्याचे नियम ठरले. बहुतेक रेघा त्यानंतर दोन-दोन राष्ट्रांनीं आपसांत बसून काढल्या. केनिया व टांझानिया ह्यांच्यामधील सीमा पाहा. ती वायव्येकडून सरळ येते, किलिमांजारो पर्वतापाशीं एक बाक घेते, आणि मग पुढें समुद्राकडे जाते. व्हिक्टोरिया राणीनें आपल्या नातवास, जर्मन कैसरास, तो पर्वत वाढदिवसाची भेट म्हणून दिला, अशी एक कथा ह्या बाकावर रचलेली आहे. कथा गोड आहे, पण खोटी आहे. ह्या रेघेचा मूळ करार १८८६ चा, आणि तो नातू कैसर झाला १८८८ सालीं. तरीहि ती इतकीं वर्षें खरी मानली गेली, ह्यावरून त्या काळीं सीमा कशा ठरत असतील ह्याविषयीं लोकांची काय समजूत होती तें कळतें. त्या खंडांतील नवीं राष्ट्रें स्वतंत्र झाल्यावर १९६४ सालीं कैरो येथें जमलीं आणि त्यांनीं ठरविलें, कीं स्वातंत्र्याच्या दिवशीं ज्या सीमा होत्या त्याच मानावयाच्या. त्या सीमा त्यांस आवडत होत्या म्हणून नव्हे, तर एक रेघ खोडावयास घेतली कीं सगळ्याच खोडाव्या लागतील, ही भीति होती.

सरळ रेघेचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र अमेरिकेंतील आहे. संयुक्त संस्थानें आणि कॅनडा ह्यांच्यामधील सीमा ४९ व्या अक्षांशावरून पश्चिमेस जाते. १८१८ च्या करारानें ती 'लेक ऑफ द वुड्स' ह्या सरोवरापासून रॉकी पर्वतापर्यंत ठरली, व १८४६ च्या करारानें पुढें पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्याकडे वाढविली. पहिला करार झाला तेव्हां तिकडच्या मैदानाची मोजणी झालेली नव्हती, आणि तेथें पिढ्यान्-पिढ्या रानरेड्यांची शिकार करून राहणाऱ्या मूळच्या लोकांस कोणी कांहीं विचारिलें नाहीं. पुढें त्यांच्या ध्यानांत असें आलें, कीं आपला पाठलाग करणारे शिपाई एका विशिष्ट जागीं येऊन एकाएकीं थांबतात. जमिनीवर तर कांहींच दिसत नाहीं! तेव्हां ह्या न दिसणाऱ्या रेघेंत कांहीं मंत्रसामर्थ्य असावें, अशा अर्थाचें नांव त्यांनीं तीस दिलें. सिटिंग बुल हा त्यांचा नायक १८७७ सालीं ही रेघ ओलांडूनच कॅनडांत गेला.

आतां गंमत अशी, कीं ही जगप्रसिद्ध सरळ रेघ सरळ नाहीं. मोजणीदार तारे पाहून अक्षांश ठरवीत, आणि त्यासाठीं ओळंबा लावीत. परंतु जवळपासच्या पर्वतांचें आणि जमिनीच्या पोटांतील दगडांचें आकर्षण ओळंब्यास किंचित् बाजूला ओढतें. त्यामुळें कांहीं खुणेचे खांब खऱ्या अक्षांशापासून कित्येक शें फूट उत्तरेस, तर कांहीं दक्षिणेस रोवले गेले. पुढें १९०८ च्या तहानें दोन्ही देशांनीं शहाणपणा केला: खांब जेथें आहेत तेथेंच असूं द्यावे, आणि एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतची रेघ हीच सीमा मानावी. ह्या अक्षांशावर असे नऊशेंहून अधिक खांब आहेत. म्हणजे प्रत्यक्षांत ती सीमा नऊशें ठिकाणीं थोडी थोडी मोडलेली आहे, आणि नकाशा लहान असल्यामुळें आपणांस तें दिसत नाहीं एवढेंच.

त्या रेघेच्या पश्चिम टोंकास पॉइंट रॉबर्ट्स नांवाचें एक लहानसें भूशिर आहे. तें कॅनडाच्या भूमीस लागून दक्षिणेकडे समुद्रांत उतरतें, आणि ४९ वा अक्षांश त्याच्या मानेवरून जातो. त्यामुळें त्या जेमतेम पांच चौरस मैलांच्या टोंकावरील लोक अमेरिकेचे नागरिक आहेत. पण आपल्याच देशांत जमिनीवरून जावयाचें तर त्यांना आधीं कॅनडांत शिरावें लागतें. तेथील मोठीं मुलें शाळेस जातात तीं मोटारींतून, कॅनडांतून, दोन वेळां सीमा ओलांडून. आणि संध्याकाळीं पुन्हां तसेंच. लंडनमध्यें १८१८ सालीं व वॉशिंग्टनमध्यें १८४६ सालीं ज्यांनीं सह्या केल्या, त्यांच्या स्वप्नांतहि हीं मुलें आलीं नसतील.

मग सरळ रेघ नको तर काय हवें? कोणी म्हणेल कीं परमेश्वरानें डोंगर आणि नद्या केल्या आहेत, त्याच सीमा मानाव्या. हें ऐकावयास ठीक आहे. परंतु नदी पात्र बदलते. मेक्सिको आणि अमेरिका ह्यांच्या मधील रिओ ग्रांदे नदी एल पासो शहरापाशीं सरकली, आणि तेवढ्या जमिनीचा वाद मिटावयास १९६३ साल उजाडावें लागलें. डोंगरांचें काय होतें तें चिली व आर्जेंटिना ह्या देशांच्या गोष्टींत पाहावें. आणि ह्या लेखांतील ही गोष्ट आमच्या विशेष आवडीची आहे, कारण तिच्यांत एक शाळा येते.

त्या दोन देशांनीं १८८१ सालीं ठरविलें, कीं अँडीज पर्वताचीं जीं उंच शिखरें पाण्याची वांटणी करितात, त्यांवरून सीमा जावी. वाक्य कसें बांधेसूद आहे! उत्तरेकडे तें जमलेंहि. दक्षिणेकडे मात्र उंच शिखरें एका ओळींत आहेत, आणि पाणी वांटलें जातें तें त्यांच्या पूर्वेस पुष्कळ दूर. नद्या पूर्वेकडे उगवतात आणि शिखरांच्या रांगेंतून वाट काढून पश्चिम समुद्रास मिळतात. आर्जेंटिना म्हणूं लागला, शिखरें धरा. चिली म्हणूं लागला, पाणी धरा. एकाच वाक्यांतील दोन शब्दांवरून दोन राष्ट्रें युद्धाच्या तयारीस लागलीं. शेवटीं निवाड्याचें काम इंग्लंडच्या राजाकडे सोंपविण्यांत आलें, आणि जागेवर जाऊन पाहण्यासाठीं सर टॉमस होल्डिच ह्यांस धाडण्यांत आलें. हे गृहस्थ हिंदुस्थानच्या सर्व्हे खात्यांत बरींच वर्षें वायव्य सरहद्दीवर काम केलेले. सीमा कागदावर कशी असते आणि दगडांत कशी असते, हें त्यांनीं दोन्ही पाहिलें होतें.

वादग्रस्त मुलुखांत एका दरींत वेल्समधून आलेले शेतकरी राहत होते. पाण्याच्या न्यायानें ती दरी चिलीकडे जावयाची. १९०२ सालच्या एप्रिलच्या ३० तारखेस ते सर्व लोक तेथील शाळेंत जमले. होल्डिच साहेबांपुढें त्यांनीं आपणांस आर्जेंटिनांत राहावयाचें आहे असें सांगितलें. कारण त्यांस जमीन आणि वस्तीस परवानगी त्याच देशानें दिली होती. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत राजा सातवा एडवर्ड ह्यांनीं निवाडा दिला, आणि ती दरी आर्जेंटिनाकडे राहिली. ती सीमा निव्वळ शिखरांची नाहीं आणि निव्वळ पाण्याचीहि नाहीं. नकाशावर ती ओबडधोबड दिसते. १९०४ सालीं त्या दोन देशांच्या सीमेवर, अँडीजच्या एका उंच खिंडींत, प्रभु ख्रिस्ताचा ब्राँझचा पुतळा उभारण्यांत आला. त्याचें चित्र पुष्कळांनीं पाहिलें असेल.

आतां आपल्या घराकडे येऊं. होल्डिच साहेबांनंतर पंचेचाळीस वर्षांनीं दुसरे एक इंग्रज गृहस्थ सीमा आंखावयास निघाले. सर सिरिल रॅडक्लिफ हे नामांकित कायदेपंडित. १९४७ च्या जुलै महिन्याच्या ८ तारखेस ते दिल्लीस पोंचले. त्यापूर्वीं त्यांनीं हिंदुस्थान पाहिलेला नव्हता, आणि म्हणूनच ते निःपक्षपाती ठरतील असें समजलें गेलें. पंजाब आणि बंगाल ह्या दोन प्रांतांची फाळणी त्यांनीं सुमारें पांच आठवड्यांत करावयाची होती. आज्ञा अशी होती, कीं मुसलमान व मुसलमानेतर ह्यांच्या बहुसंख्येचे एकमेकांस लागून असलेले प्रदेश पाहावे, आणि 'इतर गोष्टी'हि ध्यानांत घ्याव्या. ह्यांतील 'एकमेकांस लागून' हे शब्द विद्यार्थ्यांनीं नीट पाहावे. रेघेच्या एका बाजूस एक रंग आणि दुसऱ्या बाजूस दुसरा रंग सलग पसरलेला असावा, ही त्यामागची कल्पना; आणि माणसें कांहीं रंगाप्रमाणें सलग राहत नाहींत. एका आळींत दोन धर्मांचीं घरें असतात. शिवाय घटक कोणता धरावयाचा? जिल्हा, तहसील कीं खेडें? घटक बदलला कीं बहुसंख्या बदलते आणि रेघ दुसरीकडे सरकते. आपल्या महाराष्ट्र व कर्नाटक ह्यांच्या सीमेच्या वादांतहि खेडें हा घटक धरावा असा जो महाराष्ट्राचा आग्रह, त्याचें मर्म हेंच आहे.

लाहोरास व कलकत्त्यास लोकांचे वकील मंडळापुढें बाजू मांडीत होते. रॅडक्लिफ त्या बैठकींस बसले नाहींत, त्यांनीं टिपणें वाचलीं. निवाडा प्रसिद्ध झाला १७ ऑगस्टास, म्हणजे स्वातंत्र्याच्या दोन दिवसांनंतर! त्या मधल्या काळांत मुर्शिदाबादेस पाकिस्तानचें निशाण आणि खुलन्यास भारताचें निशाण लागलेलें होतें. निवाडा कळल्यावर दोन्ही ठिकाणचीं निशाणें उतरून बदलावीं लागलीं. चितगांवच्या डोंगराळ मुलुखांतील लोक बहुतेक सर्व बौद्ध व इतर मुसलमानेतर असतांहि तो मुलूख पाकिस्तानांत गेला. रॅडक्लिफ ह्यांना सर्व दोष देणें न्यायाचें नाहीं. पांच आठवड्यांत कोणासहि तें काम नीट करतां आलें नसतें. पण ज्यांनीं पांच आठवडे दिले त्यांचा दोष आम्हांस लहान वाटत नाहीं.

ह्या रेघेच्या उत्तर टोंकास कूचबिहार संस्थान होतें. तें संस्थान असल्यामुळें रॅडक्लिफ ह्यांच्या कामांत तें येत नव्हतें. १९४९ सालीं तें भारतांत विलीन झालें. परंतु त्याचीं कित्येक खेडीं पूर्व बंगालच्या पोटांत विखुरलेलीं होतीं, आणि पूर्व बंगालचीं कांहीं खेडीं त्याच्या पोटांत. अशा तुटक्या खेड्यास तिकडे छिटमहल म्हणतात. आपल्या छिटाच्या कापडावरील ठिपके आठवावे, म्हणजे तिकडचा नकाशा डोळ्यांपुढें येईल. कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळें खेळतांना खेडीं पणास लावीत, म्हणून हे ठिपके पडले, अशी दंतकथा आहे. खरी गोष्ट कमी रंजक आहे. १७१३ सालीं मोगल व कूचबिहार ह्यांच्यांत तह झाला, तेव्हां लढाईच्या शेवटीं ज्याच्या ताब्यांत जें खेडें होतें तें त्याजकडेच राहिलें.

भारताचीं १११ छिटमहलें बांगलादेशांत होतीं, आणि बांगलादेशाचीं ५१ भारतांत. त्यांत दहला खागराबारी नांवाचा सुमारें पावणेदोन एकरांचा एक ताग पिकविणारा तुकडा होता. तो भारताचा, पण त्याच्या सभोंवतीं बांगलादेशाचें खेडें, त्या खेड्याच्या सभोंवतीं भारताचें खेडें, आणि त्याच्या सभोंवतीं बांगलादेश!

नकाशावर ही नवलाई वाटते. तेथें राहणाऱ्यांस तिचा अर्थ निराळा होता. समजा, एक मनुष्य भारताच्या छिटमहलांत राहतो. त्यास भारताचें पारपत्र हवें, तर कचेरी भारतांत. भारतांत जावयाचें तर बांगलादेशाची भूमि ओलांडावी लागते. ती ओलांडावयास पारपत्र लागतें! सरकार त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं, तो सरकारपर्यंत पोंचत नाहीं. त्यामुळें तेथें विजेचे खांब गेले नाहींत, दवाखाने झाले नाहींत, चोरी झाली तर फिर्याद ऐकावयास कोणी नव्हतें. शाळाहि नव्हत्या. शेजारच्या देशाच्या शाळेंत मुलास घालावयाचें, तर तेथील एखाद्या ओळखीच्या माणसाचें नांव मुलाचा बाप म्हणून लावावें लागे. पालकांनीं क्षणभर ह्या गोष्टीचा विचार करावा. आपल्या मुलाचें नांव शाळेंत घालण्यासाठीं बापानें आपलें नांव पुसावयाचें, आणि दाखल्यावर तें परक्याचें नांव जन्मभर राहूं द्यावयाचें.

येथें प्रश्न उत्पन्न होतो, कीं हे ठिपके १७१३ पासूनचे असतां त्यांचा उपद्रव आधीं कां झाला नाहीं? ह्याचें उत्तर आपल्या महाराष्ट्राच्या जुन्या नकाशांत मिळतें. सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड हीं पटवर्धनांचीं संस्थानें पाहा. भावाभावांत वांटण्या होत गेल्या, मिरजेचीं दोन झालीं, कुरुंदवाडाचीं दोन झालीं. आणि एका संस्थानचीं गांवें दुसऱ्याच्या व इंग्रजी मुलुखाच्या मधून अशीं पेरलेलीं होतीं, कीं एका दिवसाच्या बैलगाडीच्या प्रवासांत तीन राज्यें लागत. पण गाडीवानास कोणी पारपत्र विचारीत नसे. लग्नें होत, बाजार भरत, वारी जात असे. १९४८ सालीं तीं संस्थानें मुंबई इलाख्यांत विलीन झालीं आणि ते ठिपके कोणास न कळतां पुसले गेले. कूचबिहारच्या ठिपक्यांची स्थितीहि १९४७ पूर्वीं अशीच होती. रेघ तीच होती. तिच्यावर पहारेकरी आणि तारेचें कुंपण मागाहून आलें.

आणखी एक उदाहरण देऊन हा मुद्दा पुरा करतों. बेल्जम व हॉलंड ह्यांच्या सीमेजवळ बार्ले नांवाचें गांव आहे. तेथें मध्ययुगांतील सरदारांच्या वांटणीमुळें बेल्जमचे २२ तुकडे हॉलंडांत पडलेले आहेत, आणि त्या तुकड्यांच्या पोटांत पुन्हां हॉलंडचे ७ तुकडे आहेत. सीमा घरांतून, दुकानांतून जाते. फरसबंदीवर तिची खूण केलेली आहे. घराचा दर्शनी दरवाजा ज्या देशांत उघडेल त्या देशाचें तें घर, असा तेथें नियम आहे. पहिल्या महायुद्धांत जर्मनांनीं बहुतेक बेल्जम घेतला, पण बार्ल्यांतील बेल्जमच्या तुकड्यांस त्यांना हात लावतां आला नाहीं, कारण तेथें पोंचावयास तटस्थ हॉलंड ओलांडावा लागला असता. आज त्या गांवांत प्रवासी मौजेनें एक पाय इकडे व एक पाय तिकडे ठेवून उभे राहतात. कूचबिहारच्या नकाशाहून त्या गांवाचा नकाशा कांहीं कमी वेडावांकडा नाहीं. दोन शेजारी एकमेकांशीं कसे वागतात, हा फरक आहे.

छिटमहलांची अदलाबदल करावी हें कोणास सुचलें नव्हतें असें नाहीं. १९५८ सालीं पंडित नेहरू व पाकिस्तानचे पंतप्रधान नून ह्यांनीं तसा करार केला. १९६० सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें, कीं भारताची भूमि दुसऱ्यास द्यावयाची तर राज्यघटना दुरुस्त करावी लागेल. १९७४ सालीं श्रीमती इंदिरा गांधी व शेख मुजीबुर रहमान ह्यांनीं पुन्हां करार केला. बांगलादेशानें आपल्या बाजूनें तो त्याच वर्षीं मान्य केला. आपल्याकडे तो पडून राहिला. अडचण हिशेबाची होती. भारतानें १७,१६० एकर द्यावयाचे आणि ७,११० एकर घ्यावयाचे, म्हणजे सुमारें दहा हजार एकरांचा तोटा. ज्या जमिनीवर आपल्या एकाहि शिक्षकास कधीं पाय ठेवतां आला नाहीं, ती जमीन गमावण्याचें दुःख फार मोठें मानलें गेलें! अखेर २०१५ च्या मे महिन्यांत संसदेनें घटनेची शंभरावी दुरुस्ती मंजूर केली, आणि ३१ जुलैच्या मध्यरात्रीं अदलाबदल झाली. मेणबत्त्या लावून लोकांनीं तो क्षण साजरा केला. १९४७ पासून अडुसष्ट वर्षें झालीं होतीं.

ह्या वेळीं मात्र लोकांस विचारण्यांत आलें. दोन्हीकडचे अधिकारी घरोघर फिरले, आणि तुम्हांस कोणत्या देशाचे नागरिक व्हावयाचें आहे, असा प्रश्न त्यांनीं एकेका कुटुंबास घातला. २०११ च्या मोजणीप्रमाणें त्या सगळ्या तुकड्यांत मिळून ५१,५४९ माणसें होतीं. बांगलादेशांतील तुकड्यांतून हजाराहून थोड्या कमी लोकांनीं भारतांत येण्याचें पत्करलें. भारतांतील तुकड्यांतून बांगलादेशांत जावयास कोणीच निघालें नाहीं. बाकीचे सर्व जेथें होते तेथेंच राहिले, कारण शेत तेथें होतें, आईबापांच्या कबरी किंवा तुळशीवृंदावन तेथें होतें. रेघच त्यांच्या घरावरून उचलून घेण्यांत आली.

तरी एक ठिपका अजून राहिला आहे. दहग्राम-अंगरपोता हें बांगलादेशाचें छिटमहल १९७४ च्या करारांत अदलाबदलींतून वगळलेलें होतें, आणि त्याऐवजीं तेथील लोकांस जावयास-यावयास १७८ मीटर लांब व ८५ मीटर रुंद अशी भारताची एक पट्टी कायमच्या भाडेपट्ट्यानें द्यावयाची होती. तिला तीन बिघा म्हणतात. ती १९९२ च्या जूनमध्यें उघडली, तीहि दिवसांतून ठराविक तासच. तेव्हां रात्रीं कोणी आजारी पडलें तर सकाळची वाट पाहण्यावांचून गत्यंतर नसे. २०११ पासून ती अहोरात्र उघडी आहे. तिच्या मध्यभागीं एक चौक आहे. एका रस्त्यानें भारताचे लोक जातात, दुसऱ्या रस्त्यानें बांगलादेशाचे. सायकली, गुरें आणि पाठीवर दप्तरें घेतलेलीं मुलें तेथें एकमेकांस आडवीं जातात, आणि शिपाई हात करून ज्याला त्याला वाट देतात.